पाठीतल्या पाण्याची भीती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातील एका शासकीय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. रक्त, लघवी, थुंकी यांचे नमुने दिवसभर येत राहतात आणि आपापल्या क्रमाने तपासले जातात. पण मणक्यातून काढलेल्या पाण्याची, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असणाऱ्या द्रवाची, नळी आली की हातातले काम बाजूला ठेवून आधी ती घ्यावी लागते, कारण त्या पाण्यातल्या पेशी तासाभरातच विरघळू लागतात आणि उशिरा केलेली मोजणी खोटी ठरते. निरोगी माणसाचे हे पाणी नळाच्या पाण्यासारखे नितळ असते. पू झालेल्या मेंदूज्वरात ते तांदळाच्या धुवणासारखे दिसते, आणि मेंदूच्या टीबीत नळी काही तास न हलवता ठेवली तर तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक तंतू तरंगताना दिसतो. असा तंतू उजेडाकडे धरून पाहिला की रिपोर्ट लिहिण्याआधीच पोटात गोळा यायचा. ही नळी आमच्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधी वॉर्डात जे घडते आणि ज्यामुळे ती पुष्कळदा पोहोचतच नाही, त्याविषयी मला लिहायचे आहे.

भंडारा, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा अशा चहूबाजूंनी येणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडून एकच वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकले: "पाणी काढलं का पोरगं लुळं पडते म्हणतेत, बाई." काही जण त्याहीपुढे जाऊन सांगत की पाणी काढलेला माणूस वाचत नाही. हे बोलणारे लोक अडाणी नसतात; त्यांनी पाहिलेले खरेच असते. ज्याच्या पाठीतून पाणी काढायची वेळ येते तो रुग्ण मुळातच अत्यवस्थ असतो, त्यातले काही दगावतात, काही अधू होतात, आणि गावाकडे परतलेल्या माणसाच्या आठवणीत आजारापेक्षा ती सुईच ठसून राहते. या समजुतीला हसून किंवा रागावून उत्तर देता येत नाही. तिला हिशोबानेच उत्तर द्यावे लागते, आणि तो हिशोब मांडून सांगायला आपल्या गर्दीच्या वॉर्डांत कोणाला वेळ नसतो.

माझ्या घरातले सांगते. माझी भाची नऊ वर्षांची असताना तिला ताप येऊ लागला, सकाळी उठल्याबरोबर ओकारी व्हायची, डोके दुखायचे. तालुक्याच्या गावी दोन आठवडे टायफॉइड म्हणून उपचार झाले. नागपूरला आणले तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. डॉक्टरांनी पाणी काढायचे म्हटले आणि गावाहून आलेल्या मंडळींनी दादाला सही करू दिली नाही. मी तोवर शेकडो नळ्या तपासलेल्या होत्या. पाण्याचा रिपोर्ट मी झोपेतही लिहू शकले असते, पण पाणी का काढायचे हे सांगण्याचे शब्द त्या रात्री माझ्याजवळ नव्हते. दोन दिवस त्यात गेले. ती वाचली, पुढे शिकली, पण डाव्या हातात बळ कमी राहिले, आणि उजव्या कानामागे कातडीखाली बोटाला लागणारी शंटची नळी तिच्याजवळ कायमची आहे. डोक्यात तुंबलेले पाणी ती नळी गळ्याच्या आणि छातीच्या कातडीखालून पोटात नेऊन सोडते. जे शब्द त्या रात्री सुचले नाहीत ते आता लिहीत आहे.

मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पोकळ्यांत आणि मेंदू-मज्जारज्जूभोवती मिळून सुमारे १५० मिलिलिटर पाणी असते, म्हणजे साधारण एक कपभर. पण शरीर ते दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार करते. मेंदूच्या पोकळ्यांतील रक्तवाहिन्यांचे लोंबते झुबके ते पाझरत राहतात, आणि जुने पाणी रक्तात परत जिरत राहते. याचा अर्थ हे पाणी दिवसातून तीन-चार वेळा आपोआप नवे होते. तपासणीसाठी दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, पाणी काढले तर मोठ्या माणसाचे शरीर ते अर्ध्या तासात भरून काढते. राहिला प्रश्न लुळे पडण्याचा. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून जाते, जिथे रज्जू नसतोच. तिथे घोड्याच्या शेपटीसारखे मज्जातंतूंचे सुटे दोरे पाण्यात तरंगत असतात आणि सुई लागली तर बहुधा ते बाजूला सरकतात. पाणी काढल्यावर काहींचे डोके दुखते, बसले की जास्त दुखते, हे खरे आहे आणि ते लपवू नये. बारीक व बोथट टोकाची सुई वापरली तर हा त्रास कमी होतो. मेंदूत गाठ किंवा गळू असून दाब वाढला असेल तर मात्र धोका असतो, म्हणून तशी शंका असली की डॉक्टर आधी सीटी स्कॅन करतात. १८९१ साली जर्मनीत हाइनरिश क्विंके यांनी ही पद्धत रुळवली, तेव्हापासून ती जगभर वापरात आहे.

नातेवाइकांचा दुसरा प्रश्न जास्त शहाणपणाचा असतो: "रक्त तर घेतलं, त्यातच काय ते पाहा ना." याचे उत्तर शंभरहून अधिक वर्षांच्या संशोधनात आहे. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा पांढरा राहिला. मेंदूला रंगच धरत नसेल असे त्यांना वाटले. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये तोच प्रकार उलटा करून पाहिला, म्हणजे रंग पाठीतल्या पाण्यात सोडला. तेव्हा मेंदू निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. दोन्ही बाजूंच्या मध्ये काहीतरी आडवे आहे हे त्यावरून कळले. १९२१ मध्ये जिनिव्हाच्या लीना स्टर्न यांनी त्याला रक्त आणि मेंदूमधला अडथळा हे नाव दिले, आणि तो नेमका कुठे आहे हे दिसायला १९६७ साल उजाडावे लागले. टॉम रीस आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना अशा घट्ट सांधलेल्या असतात की दोन पेशींच्या फटीतून काही जाऊच शकत नाही. मी याला अडसर म्हणते, कारण अडसर दारालाच असतो: त्याच्या पलीकडे ये-जा होते, पण दार उघडणाऱ्याला विचारून. साखरेसाठी वेगळे दार आहे, काही अमिनो आम्लांसाठी वेगळे, आणि नको ते औषध आत शिरलेच तर त्याला परत रक्तात ढकलणारे पंपही त्या पेशींत आहेत. कंपवाताच्या रुग्णाला मेंदूत कमी पडणारे डोपामिन देऊन उपयोग होत नाही, कारण ते आत जात नाही, आणि आत जाऊ शकणारे लेव्होडोपा द्यावे लागते, ते याच दारांमुळे.

म्हणूनच मेंदूत काय चालले आहे ते रक्तात पुरेसे उमटत नाही. रक्तातील साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश साखर या पाण्यात असते. ती खाली गेली आणि प्रथिने वर गेली की अडसराच्या आत काहीतरी बिघडले आहे. यासाठी पाणी काढताना त्याच वेळी रक्तातली साखरही तपासावी लागते. ही गोष्ट इतकी साधी आहे आणि इतक्या वेळा राहून जाते की ती येथे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

विदर्भातील घरांना सर्वांत जवळचा असलेला मेंदूचा टीबी हा तर अथपासून इतिपर्यंत या अडसराचाच आजार आहे. जंतू फुप्फुसातून रक्तावाटे मेंदूपाशी येतात, तिथे बारीक गाठ धरून बसतात, आणि ती गाठ पाण्याच्या पोकळीत फुटली की मेंदूच्या तळाशी चिकट द्रव साचून पाण्याच्या वाटा बुजतात. माझ्या भाचीच्या डोक्यात पाणी तुंबले ते यामुळे. नवजात बाळाला टोचलेली बीसीजी लहान मुलांना या जीवघेण्या प्रकारापासून बऱ्याच अंशी वाचवते, आणि तेवढ्यासाठी ती चुकवू नये. आजार जडल्यावर औषधांचीही तीच कथा आहे. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही औषधे पाण्यात चांगली उतरतात, रिफॅम्पिसिन फारच थोडे उतरते, आणि स्ट्रेप्टोमायसिन मेंदूभोवतीच्या पडद्यांना सूज असेपर्यंतच काय ते आत जाते. रुग्णाला बरे वाटू लागले, सूज ओसरली, की वाट पुन्हा बंद. ज्या लीना स्टर्न यांनी अडथळ्याला नाव दिले त्यांनीच पुढे मॉस्कोत, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत, मेंदूच्या टीबीने मरणाऱ्या मुलांना स्ट्रेप्टोमायसिन थेट या पाण्यात टोचून वाचवण्याचा मार्ग धरला होता. नुसती मात्रा वाढवून हा प्रश्न सुटत नाही हेही दिसले आहे: व्हिएतनाममध्ये ८१७ प्रौढ रुग्णांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिफॅम्पिसिनची मात्रा वाढवली, जोडीला लेव्होफ्लॉक्सासिन दिले, तरी जास्त रुग्ण वाचले नाहीत. त्याच देशातील २००४ च्या चाचणीत मात्र डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या जुन्या आणि स्वस्त औषधाने मृत्यू कमी झाले होते.

निदानातही पाणी कंजूषपणे काढून चालत नाही. "थोडंसंच घ्या" अशी विनवणी नातेवाईक करतात, डॉक्टरही कळवळून एक-दोन मिलिलिटरवर थांबतात, आणि इथे दयेनेच नुकसान होते. या पाण्यात टीबीचे जंतू फार विरळ असतात. मोठ्या माणसाचे सहा ते दहा मिलिलिटर पाणी घेऊन, ते यंत्रात फिरवून, तळाशी बसलेला गाळ तपासला तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. दोन थेंबांत ते सापडले नाहीत म्हणजे नव्हतेच असे म्हणता येत नाही. जंतूची जनुके शोधणाऱ्या जीन एक्स्पर्ट तपासणीने हे काम दोन तासांवर आणले आहे, पण तिचाही नकार अंतिम मानता येत नाही. आपल्याच शहरातील सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसच्या संशोधकांनी पाठीतल्या पाण्यातील अ‍ॅडेनोसिन डिअ‍ॅमिनेज या घटकाचा लवकर निदानासाठी कितपत उपयोग होतो हे तपासून २००६ मध्ये प्रसिद्ध केले, ते ज्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात, त्याचा विषयच मुळी हे पाणी आहे. ही संस्था जिथे आहे त्या बजाजनगरातून दररोज जाणाऱ्या किती नागपूरकरांना हे ठाऊक आहे? मला स्वतःला ते नोकरीची बरीच वर्षे झाल्यावर कळले, आणि कळले तेव्हा फार बरे वाटले.

या विषयाशी नागपूरचे आणखी एक नाते आहे, आणि ते दुःखद आहे. १९६५ साली नागपुरात तापाची साथ होती, तेव्हा इथल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन संस्थेला एक नवा विषाणू सापडला आणि त्याला इथल्या चांदीपुरा या वस्तीचे नाव मिळाले. बरीच वर्षे तो कोणाच्या गणतीत नव्हता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ गेली, तेव्हा चांदीपुरा हे नाव देशाला कळले. २००७ मध्ये नागपूर विभागातच मुलांत त्याची साथ आली, आणि २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची नोंद झाली, ८२ मृत्यू झाले, त्यांपैकी ६४ रुग्णांत, बहुतेक गुजरातमधील, हाच विषाणू आढळला. मातीच्या घरांच्या भेगांत वाढणारी वाळूमाशी तो पसरवते. सकाळी खेळणारे मूल दुसऱ्या दिवशी रात्री नसते, इतका हा आजार वेगवान आहे, आणि त्यावर आजही ना लस आहे ना नेमके औषध. प्रयोगशाळेतल्या माणसाला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट अशी की या मुलांच्या पाठीतले पाणी पुष्कळदा अगदी स्वच्छ निघते: पेशी पाचाच्या आत, साखर ठीक. आपण "नॉर्मल" असे लिहून कागद पाठवतो आणि वर वॉर्डात मूल झटके देत असते. आंध्रच्या साथीनंतर हा मेंदूचा दाह की मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचा आघात, यावर डॉक्टरांत मतभेद झाले होते. विषाणू अडसर ओलांडतो तरी कसा, हा प्रश्न ज्या शहराच्या वस्तीचे नाव त्या विषाणूला आहे त्या शहराने आपला मानायला हवा असे मला मनापासून वाटते.

गडचिरोलीकडून येणाऱ्या मेंदूच्या मलेरियाचा प्रकार याहून निराळा आहे. त्यात जंतू अडसराच्या आत जातच नाही. जंतू बसलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आतून चिकटतात, भिंत दुखावते, आणि मेंदू सुजतो. मलावी देशात १६८ मुलांचे एमआरआय करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दगावलेल्या २५ मुलांपैकी २१ मुलांच्या मेंदूला तीव्र सूज होती, तर वाचलेल्यांत हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास होते. म्हणजे रक्तातला जंतू मारणारे औषध वेळेवर मिळाले तरी सूज मूल नेऊ शकते.

गेल्या काही वर्षांत या पाण्याविषयी उत्साहाच्या बातम्याही आल्या. अमेरिकेतील रॉचेस्टरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांत दाखवले की हे पाणी रक्तवाहिन्यांच्या कडेने मेंदूच्या आत शिरून कचरा वाहून नेते, आणि पुढल्याच वर्षी झोपेत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावते असे मांडले. २०१५ मध्ये व्हर्जिनिया आणि हेलसिंकी येथील दोन गटांनी मेंदूच्या आवरणात लसिका वाहिन्या दाखवल्या, ज्या तिथे नाहीतच असे आम्ही शिकलो होतो. त्यानंतर "झोपेत मेंदू धुतला जातो" असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले, काही वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतही ते ठाम सत्य म्हणून आले. पण २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाने उंदरांतच मोजमाप करून उलट निष्कर्ष काढला, की झोपेत आणि भुलीत हा निचरा कमी होतो. वाद मिटलेला नाही. आपल्या पुरवणीत हा विषय आला तर दोन्ही बाजू याव्यात एवढी विनंती करते. संशोधनातला मतभेद वाचकांना समजत नाही असे मानण्याचे कारण नाही.

परदेशात अल्झायमरसाठी हे पाणी वर्षानुवर्षे जपून ठेवतात, त्यातील अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने मोजतात. आमच्याकडे काय होते ते मी एकतीस वर्षे माझ्या हातांनी केले आहे. सायंकाळी तपासण्या संपल्या की नळीत उरलेले पाणी हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या बादलीत ओतायचे. ज्या दोन चमचे पाण्यासाठी एखाद्या बापाने रात्रभर रडून सही केलेली असे, त्यातला अर्धा भाग असा जायचा. त्याच पाण्यातून टीबीचे, चांदीपुराचे किंवा कधीच न ओळखल्या गेलेल्या तापाचे काही समजू शकले असते. नातेवाइकांची वेगळी, समजावून घेतलेली संमती असेल तर उरलेले पाणी उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीत ठेवता येते. नागपूरची मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या रुग्णालयांनी ठरवले तर विदर्भातील आजारांचा असा साठा एकत्र उभा राहू शकेल, आणि त्यावर आपल्याच विद्यापीठाची मुले काम करतील.

त्याआधी सही. सध्याचे संमतीपत्र कोणालाही घाबरवील अशा भाषेत असते. त्याऐवजी एक पानभर साधे मराठी, जमेल तिथे गोंडी, त्यात कमरेच्या मणक्यांचे एक चित्र आणि अर्ध्या तासात भरून येणाऱ्या दोन चमचे पाण्याचा हिशोब, आणि ते वाचून दाखवायला रात्रपाळीलाही हजर असलेला एक माणूस. आरोग्य विभागाने एवढे जरी जिल्हा रुग्णालयांत केले, आणि पेशी व साखर मोजण्याची सोय तिथेच रात्रीही सुरू ठेवली, तर गोंदिया किंवा गडचिरोलीच्या मुलाला निव्वळ निदानासाठी नागपूरपर्यंत आणण्यात जाणारे तास वाचतील. हे पान लिहायला मी तयार आहे. विभागाने सांगावे, मानधन नको.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
नागपूर